चाळीस दिवसांच्या सह्या

किन्हवली
८ जानेवारी २०२५

चि. प्रियांका,
अनेक आशीर्वाद.

नोकऱ्या लावून देणाऱ्या तुझ्या ऑफिसनं सुचवलेल्या मुरबाडच्या कापड डाईंग कंपनीत काल जाऊन आलो. हे पत्र लडकूच्या दुधाच्या टेम्पोतून येईल. तो रोज सकाळी मुरबाडला येतोच, तुझ्या ऑफिसच्या जिन्याखाली देईल. काका अजून कागदावर लिहितो म्हणून तू हसशील. पण बावीस वर्षं बॉयलरच्या ब्लोअरशेजारी काढल्यावर फोनमधलं माणूस मला धड ऐकू येत नाही, हे तुला ठाऊक आहे. फोन तुझी जयाकाकी उचलते, ऐकते आणि मला खुणेनं सांगते. आमच्या रितेशच्या मोबाइलवर पाठवलंस तरी तो आधी आईलाच दाखवणार. गिरण बंद पडून आठ महिने झाले. नोकरीची बातमी दर वेळी आधी जयाच्या चेहऱ्यावर वाचायची, हे मला आता नकोसं झालंय.

तर कालचं. मॅनेजरसाहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. मी बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट पुढं ठेवलं तर दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं, उजेडात धरून शिक्का बघितला. कामाचं फारसं विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं, सहा टनांचा बॉयलर चालवलाय, एकदाही पाणी पातळी दाखवणाऱ्या काचेच्या खाली जाऊ दिलं नाही. ते म्हणाले, "समजा झालंच." मग एका मुलीनं येऊन बुटाचं माप घेतलं. आठ नंबर. युनिफॉर्मसाठी छातीचंही घेतलं.

बॉयलर बघू का, असं विचारलं तर म्हणाले, रुजू झाल्यावर रोज बघायचाच आहे. मेडिकल नाही. हे मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सर्टिफिकेटची मूळ प्रत पडताळणीसाठी ठेवून घेतलीय.

"कळवतो" म्हणाले. तुमच्या धंद्यात याचा अर्थ काय होतो, ते कळव.

तुझा काका,
कमळाकर


मुरबाड
१६ जानेवारी २०२५

ती. काका,
नमस्कार.

पत्रासोबत तिळाचे लाडू पाठवतेय. डबा उघडलेला दिसला तर लडकूमामाला विचारा. परवा मला म्हणाला, "काय गो, एवढं मोठं पत्र? काकानं तुझ्यासाठी स्थळ बघितलं का?" मी म्हटलं, स्थळ काकांसाठीच बघतोय. तो टेम्पो सुरू करेपर्यंत हसत होता.

आमच्या धंद्यातल्या शब्दांचं विचारलंत. मी इथं दिवसाला तीस-चाळीस जणांना मेसेज पाठवते. "आपली माहिती जतन केली आहे" म्हणजे नाही. "फाईल पुढं गेली आहे" म्हणजे अजून कोणी बघितलेली नाही. "कळवतो" हा सगळ्यात वाईट, कारण त्याला काहीच अर्थ नसतो. आमच्या ऑफिसच्या मालकांनी, धनेशसरांनी, हे मेसेज आधीच लिहून ठेवलेत, मी फक्त नाव बदलते. पण बुटाचं माप घेतलेला माणूस मी अजून परत गेलेला पाहिला नाही. बुटाला कंपनीचा खर्च होतो, काका. म्हणून तुमचं चांगलं दिसतंय.

मूळ प्रत दिलीत त्याची पोच घेतलीत का? नसेल तर राहू द्या, आत्ता मागू नका, साहेबांना बरं वाटणार नाही. मी आमच्या रजिस्टरमध्ये तारखेसह नोंद करून ठेवलीय: मूळ प्रत कंपनीकडे, ७ जानेवारी.

काकीला सांगा, थंडीत पहाटे विहिरीवर जाऊ नको म्हणावं.

प्रियांका


किन्हवली
२ फेब्रुवारी २०२५

चि. प्रियांका,

पंचवीस दिवस झाले. मध्ये तुझ्या ऑफिसातून निरोप आला की चार फोटो पाठवा. पाठवले. मग निरोप आला की वरच्या ऑफिसची मंजुरी बाकी आहे. परवा आला की बॉयलरची वार्षिक तपासणी जवळ आलीय, त्यानंतर बघू. चार दिवस आशा वाटते, मग चार दिवस काहीच नाही. जया विचारते, "मुरबाडचं काय झालं हो?" मी म्हणतो, चाललंय. बाहेर पाला गोळा करायचं काम आहे, भाताच्या वाफ्यात राब भाजायच्या आधी ते उरकायला हवं. तेवढा वेळ तरी कुणी काही विचारत नाही.

आता तुझा सल्ला हवाय. कसाऱ्याकडं आश्रमशाळांच्या मुलांचं जेवण एका मोठ्या स्वयंपाकघरात वाफेवर शिजवतात. तिथला बॉयलर लहान आहे, पगारही कमी. पण त्यांचं पत्र आलंय, साधं सरळ: २८ फेब्रुवारीपर्यंत मूळ सर्टिफिकेट घेऊन हजर व्हा, कानांची आणि डोळ्यांची तपासणी करून घेऊ.

मूळ सर्टिफिकेट माझ्याकडं नाही. आणि ती तपासणी. तू समजलीस.

मुरबाडवाल्यांकडं सर्टिफिकेट परत मागितलं तर त्यांना वाटेल की याला नोकरी नको. नाही मागितलं तर कसाऱ्याचं जातं. तुझ्या कानावर तिथलं काही आलंय का? असेल तसं लिही. मी काही लहान नाही.

काका


मुरबाड
९ फेब्रुवारी २०२५

ती. काका,
नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. ऑफिसात कामाची गर्दी होती.

कंपनीचा निरोप असा: सोमवारी १७ तारखेला सकाळी दहा वाजता गेटवर यावं. युनिफॉर्म आणि बूट तिथंच मिळतील. त्या दिवशी बॉयलरची सरकारी तपासणी आहे आणि तुम्ही हजर असलेलं त्यांना हवंय. निरोपात एवढंच आहे. मी त्यात माझ्या पदरचं काही घातलेलं नाही.

कसाऱ्याच्या लोकांना लगेच नाही म्हणू नका. १७ तारीख होऊन जाऊ द्या. त्यानंतरही थोडं थांबा.

तब्येत सांभाळा. जेवण वेळेवर घ्या.

प्रियांका


किन्हवली
१७ फेब्रुवारी २०२५, संध्याकाळ

चि. प्रियांका,

झालं गो बाय! रुजू झालो.

सकाळी दहाला गेटवर गेलो तर माझ्या नावाची पिशवी तयार होती. निळा शर्ट, पँट, आठ नंबरचे बूट. बॉयलर हाऊसमध्ये शिरलो आणि काय बघतो, भिंतीवर माझं सर्टिफिकेट! काचेत लावलेलं, बाजूला माझा फोटो. गिरणीत बावीस वर्षं ते एका फाईलमध्ये पडून होतं. मी पाच मिनिटं नुसता उभा राहिलो.

बॉयलर तर इतका नीट ठेवलाय म्हणून सांगू! पाण्याची काच लखलखीत, राखेचा कण नाही, व्हॉल्व्हच्या दांड्यांना तेल. मी साहेबांना म्हटलं, आधीच्या माणसाचा हात चांगला होता. ते म्हणाले, तो गेला.

बाराला इन्स्पेक्टर आले. माणूस भला. दाब चढवून दाखवा म्हणाले. मी चढवला, सेफ्टी व्हॉल्व्ह ठरल्या आकड्याला बरोबर उडाला, जादा वाफ सुटली. मग पंपाचं विचारलं, पाण्याच्या परीक्षेचं विचारलं, मी सगळं सांगितलं. एक प्रश्न त्यांनी मागून विचारला तो ब्लोअरच्या आवाजात राहून गेला, साहेबांनी सांभाळून घेतलं. इन्स्पेक्टरांनी मान डोलावली. साहेबांनी काही सह्या करायला लावल्या, त्या केल्या.

संध्याकाळी निघताना साहेब म्हणाले, "छान काम केलंत. कळवतो." मी म्हटलं, आता काय कळवायचं राहिलं? तेही हसले.

उद्या सकाळच्या पाळीला जायचं म्हणून नऊ महिन्यांनी घड्याळाला चावी दिली. जयानं शिरा केला. येताना सरळगावला उतरून कसाऱ्याच्या लोकांचं पत्रही टाकून आलो, की येत नाही, क्षमा असावी. तू थांबा म्हणाली होतीस, पण दोन घरांत पाय ठेवणं मला जमत नाही.

तुझ्यामुळं झालं. देव तुझं भलं करो.

काका


किन्हवली
२४ फेब्रुवारी २०२५

प्रियांका,

मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही. लडकू म्हणतो, तिनं पत्र घेतलं आणि वर निघून गेली.

मंगळवारी सकाळी सहाला गेटवर गेलो. यादीत नाव नाही. वॉचमन म्हणाला, "काल होतं, आज नाय." दहापर्यंत थांबलो. साहेबांनी आतून निरोप दिला, कळवतो. बुधवारी गेलो, तेच. आता मी रोज सकाळी डबा घेऊन निघतो आणि सरळगावच्या एस.टी. स्टँडवर बसून परत येतो. जयाला वाटतं, मी कामावर आहे.

तुला काय माहीत आहे ते सगळं लिही. नऊ तारखेला लिहिलं नाहीस तेही.

कमळाकर


मुरबाड
२८ फेब्रुवारी २०२५

ती. काका,

तुम्ही खाली काका लिहिलं नाहीत, नाव लिहिलंत. मला तेच लागतं.

७ फेब्रुवारीला मॅनेजरचा फोन धनेशसरांना आला तेव्हा मी समोर बसले होते. फोन स्पीकरवर होता. मॅनेजर म्हणाले, "अटेंडंटचा कागद मिळाला, उत्तम आहे. माणसाची गरज नाही, चालवायला आमच्याकडं आहे एक. तपासणीच्या दिवशी फक्त उभा करा." फोन ठेवल्यावर मी सरांना म्हटलं, ते माझे काका आहेत. सर म्हणाले, "मग तर बरंच. एकदा आत उभे राहिले की काम बघून ठेवूनही घेतील, कुणी सांगावं?"

मला ते खरं वाटावंसं वाटलं, काका. तुम्ही बॉयलरपुढं उभे राहिलात की कोण नाही म्हणेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं लिहायचं तर मला माझ्या नोकरीचीही भीती वाटली. म्हणून "थोडं थांबा" एवढंच लिहिलं. ऑफिसात बसून लोकांना जसं लिहिते, तसंच तुम्हालाही लिहिलं. 'हो' पण नाही, 'नाही' पण नाही. तुमचं १७ तारखेचं पत्र वाचून मी जिन्यात बसून राहिले.

आणखी एक सांगायचं आहे. कंपनीचा नवा निरोप आलाय. सर्टिफिकेट भिंतीवर राहू द्यावं, वर्षातून एकदा तपासणीला यावं, त्याबद्दल दर महिन्याला घरबसल्या काही रक्कम पोचती करू. बोलायचं कुणाजवळ नाही. सर म्हणतात, असं पुष्कळ ठिकाणी चालतं.

हा निरोप पोचवायचं माझं काम होतं, म्हणून पोचवला. मला विचाराल तर मी काहीच सांगणार नाही. तो हक्क मी घालवलाय.

प्रियांका


किन्हवली
६ मार्च २०२५

चि. प्रियांका,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. राग आला होता, तो गेला. कारण लपवलं ते तू एकटीनं नाही.

मीही दोन गोष्टी लिहिल्या नव्हत्या. पहिली सह्यांची. "काही सह्या" असं लिहिलं होतं. त्या चाळीस होत्या. बॉयलरचं लॉगबुक असतं, दर तासाला दाब किती, पाणी किती, ते लिहून पाळीच्या शेवटी अटेंडंटनं सही करायची. आठ जानेवारीपासून सोळा फेब्रुवारीपर्यंतची पानं भरलेली होती आणि सहीची जागा कोरी. सफाईसाठी बॉयलर थंड केला ते दोन दिवससुद्धा चालू म्हणून लिहिलेले. साहेब म्हणाले, फॉर्म्यालिटी आहे. ज्या दिवसांत मी इथं पाला गोळा करत होतो, त्या दिवसांत मी तिथं बॉयलर चालवल्याची सही मी स्वतःच्या हातानं केली. बावीस वर्षांत एक आकडा मागाहून लिहिला नव्हता.

दुसरी गोष्ट कानांची. डावा कान पूर्ण गेलाय आणि उजवा अर्धा. तुला वाटत होतं, फक्त फोनवर अडतं. मूळ प्रत पोच न घेता दिली ती याच भीतीनं. काही मागितलं तर साहेब रागावतील, मेडिकलला पाठवतील. मेडिकल नाही, हे मी नशीब समजलो. त्यांना माझा कान तपासायची गरजच नव्हती, कारण मी तिथं काही ऐकावं अशी त्यांची इच्छा नव्हती.

आता ऐक. सोमवारी परत गेटवर गेलो. आत सोडलं नाहीच. चहाच्या टपरीवर बसलो होतो. दुपारच्या पाळीचे लोक सुटले, त्यातला एक जण समोर येऊन उभा राहिला. चाळिशीचा असेल, भुवयांवर राख. म्हणाला, "तुमीच ना ते काचंतले?"

त्याचं नाव गोमा मेंगाळ. टोकावड्याच्या पुढच्या एका पाड्यावरचा. आठ वर्षं तोच तो बॉयलर चालवतो. कागदावर तो भट्टीत भुसा भरणारा हमाल आहे. तपासणीच्या दिवशी त्याला भुशाच्या गोदामात बसवून बाहेरून कडी लावली होती. मी ज्या लखलखीत काचेचं तुला कौतुक लिहिलं, ती त्यानं आदल्या दिवशी पुसली होती. थंड केलेल्या बॉयलरच्या पोटात शिरून दोन दिवस खरवडत होता तोही तोच.

मी विचारलं, "लॉगबुक कोण लिहितो?"

"मी आकडे भिंतीवर कोळशानं लिवतो. क्लार्क येतो, वहीत उतरवतो. मंग भिंत पुसतात."

"परीक्षा का दिली नाहीस? सर्टिफिकेट मिळालं असतं."

तो हसला. "परीक्षेला बसाया बॉयलरवर काम केल्याचा दाखला लागतो नं. दाखला कोन देनार? बॉयलर तर तुमी चालवता." मग म्हणाला, "तुमच्या आधी दुसरे होते काचंत. ते मेले. दोन महिने काच रिकामी होती."

प्रियांका, मी त्याच्यासाठी चहा सांगितला. माझ्या दहा महिन्यांत मला वाटायचं, माझ्यासारखा अडकलेला दुसरा नसेल. कागद आहे आणि काम नाही. हा माणूस आठ वर्षं काम करतोय आणि त्याच्याकडं कागद नाही. आणि त्याच्या चाळीस दिवसांवर सही माझी आहे.

उद्या त्या बॉयलरला काही झालं तर आत तो असेल आणि नाव माझं असेल. ती घरबसल्याची रक्कम मी घेणार नाही. तसा निरोप धनेशला दे.

पुढं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. खरं सांगायला गेलो तर माझं सर्टिफिकेट जाऊ शकतं आणि गोमाची भाकरीही जाऊ शकते. माझं मी बघेन. त्याचं मी परस्पर ठरवू शकत नाही. होळीला त्याच्या पाड्यावर जाणार आहे.

तुझा काका


मुरबाड
१९ मार्च २०२५

ती. काका,
नमस्कार.

तुमचा निरोप सरांना दिला. म्हणाले, "काकांना समजाव." मी म्हटलं, काकांना कमी ऐकू येतं.

बॉयलरच्या सरकारी कार्यालयात द्यायचा म्हणून तुम्ही लडकूमामाच्या हाती पाठवलेला अर्ज मी टाईप केला. गोमादादांच्या पाड्यावर काय बोलणं झालं ते तुम्ही एकाच ओळीत लिहिलंत: "तो म्हणाला, माजं नाव घाला, पुसाया भिंत नसंल अशा जागी घाला." ती ओळ अर्जात घालता येत नव्हती, म्हणून मी माझ्या वहीत उतरवून घेतली.

अर्जात तुमच्या सहीच्या आधी एक परिच्छेद आहे: चाळीस दिवसांच्या सह्या खोट्या असून त्या मी केल्या. तो थोडा मवाळ करू का, असं विचारायचं मनात आलं. "सह्या घेण्यात आल्या" असं लिहिता आलं असतं. आम्ही तसंच लिहितो. पण तुमचं वाक्य होतं तसं ठेवलंय.

सोबत एक कागद जास्तीचा आहे. आमच्या रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स: मूळ प्रत कंपनीकडे, ७ जानेवारी, अक्षर माझं. त्याखाली मी लिहिलंय की ७ फेब्रुवारीचा फोन मी स्वतः ऐकला, आणि पूर्ण नाव घालून सही केलीय. हे कळल्यावर सर मला ठेवतील असं वाटत नाही. कॉम्प्युटर येतो, मुरबाडात दुसरी ऑफिसं आहेत. तिथंही मला "कळवतो" म्हणतील, तेव्हा बघू.

नको म्हणू नका.

प्रियांका


किन्हवली
३० मार्च २०२५, पाडवा

चि. प्रियांका,
अनेक आशीर्वाद.

नको म्हणालो नाही. तुझा कागद अर्जाला जोडला.

शुक्रवारी बॉयलरच्या सरकारी कार्यालयात गेलो. ज्यांच्यापुढं मी दाब चढवून दाखवला होता, तेच इन्स्पेक्टर समोर होते. त्यांनी अर्ज सावकाश वाचला आणि मोठ्यानं म्हणाले, बहुधा दुसऱ्यांदा, "तुमच्यावरसुद्धा कारवाई होऊ शकते, कळतंय ना?" मी म्हटलं, कळून लिहिलंय. मग त्यांनी गोमाबद्दल विचारलं, किती वर्षं, काय काय काम करतो. ते त्यांनी स्वतःच्या वहीत टिपून घेतलं. शेवटी म्हणाले, "चौकशी करून कळवतो."

मी उठलो नाही. म्हटलं, "साहेब, पोच हवी." त्यांनी शिक्का मारून, तारीख घालून, सही करून दुसरी प्रत माझ्या हातात दिली. तिची झेरॉक्स सोबत आहे, जपून ठेव.

तिथून शहापूरला सरकारी दवाखान्यात कान तपासले. उजव्या कानाला मशीन लावलं तर चालेल असं डॉक्टर म्हणाले. घरी येऊन जयाला सगळं सांगितलं. एस.टी. स्टँडवर बसायचो तेही. कानांचं सांगायला लागलो तर म्हणाली, "मला काय सांगता? चार वर्षं झाली, तुमच्या डाव्या बाजूला मी जेवाया बसत नाय." आणि ताटं मांडायला लागली. मग म्हणाली, डबे वाया गेले नाहीत ना, खाल्लेत ना तिथं बसून?

कसाऱ्याच्या लोकांना परत लिहिलं होतं. त्यांनी माणूस घेतला. दुसरी जागा निघाली तर कळवतो म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ लावत बसायचं मी सोडलंय. सर्टिफिकेट अजून मुरबाडला त्या काचेतच आहे. ते मला परत मिळेल की सरकार काढून घेईल, ठाऊक नाही. बूट मात्र वॉचमनकडं परत देऊन आलो.

काल गोमाला भेटलो. कंपनीत अजून कुणी आलेलं नाही, त्याची पाळी चालू आहे. अर्जाची एक प्रत त्याला दिली. तो सातवी शिकलाय, वाचता येतं. पण त्यानं वरून वाचायला सुरुवात केली नाही. बोट फिरवत फिरवत खाली आला आणि थांबला. तिथं लिहिलंय: "दि. ८ जानेवारी ते १६ फेब्रुवारी या चाळीस दिवसांत, व त्यापूर्वी आठ वर्षे, सदर बॉयलर गोमा बुधा मेंगाळ यांनी चालवला." बोटाला काजळी होती. नावाखाली डाग पडला. तो घाबरून पुसायला लागला. मी म्हटलं, राहू दे.

आता पत्राची गरज नाही. फोन करत जा. काकी उचलेल.

तुझा काका,
कमळाकर